आवाज आधी की धक्का आधी

आईचा फोन एरवी रात्री साडेआठला येतो, तिची मालिका सुरू व्हायच्या आधी. त्या दिवशी तो सकाळी पावणेसातला वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला. "आरं, आज लई मोठा हुता," ती म्हणाली. काय मोठा, हे विचारायचं कारण नव्हतं. आमच्या पाटण तालुक्यात "मोठा होता" एवढं म्हटलं की पुढचा शब्द कुणी बोलत नाही. तिचा आवाज धडधाकट होता, मागे कुकर शिट्टीच्या तयारीत फुसफुसत होता, म्हणजे काळजीचं काही नव्हतं. मी फोन कानाशी तसाच ठेवून दुसऱ्या मोबाईलवर भूकंपाचा आकडा शोधला. सापडला. म्हणालो, "आई, २.९ दाखवतंय. मागच्या महिन्यातला ३.४ होता. तो मोठा होता. हा लहान." पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "आसंल बाबा. तुझ्यापाशी आकडा हाय." आणि दूध तापत ठेवलंय म्हणून फोन ठेवून दिला.

ते "आसंल बाबा" दिवसभर दातात अडकल्यासारखं राहिलं. माझा धंदा आकड्यांचा आहे. लोकांच्या वह्या तपासायच्या, त्यांनी लिहिलेलं आणि बँकेने लिहिलेलं जुळतंय का ते बघायचं. न जुळलं तर चूक माणसाची, हे मी वीस वर्षं गृहीत धरत आलोय. त्या सकाळी मी आईची वही तपासली आणि खाली लाल पेनाने फुली मारली. तीही अशा बाईच्या वहीवर, जिने १९६७ पासून भूकंपाखेरीज दुसऱ्या कशाचीच इतकी नियमित नोंद ठेवलेली नाही.

लहानपणी मला रिश्टर स्केल ही खरोखरची पट्टी वाटायची. कंपासपेटीतल्या पट्टीला आम्ही स्केलच म्हणायचो, त्यामुळे सरकारकडे एक लांबलचक पट्टी असणार आणि भूकंप झाला की कुणीतरी ती जमिनीतल्या भेगेला लावून बघत असणार, अशी माझी समजूत. यात मी एकटा नव्हतो म्हणायचं. खुद्द चार्ल्स रिश्टरला भेटायला येणारे लोकही 'तुमचं ते स्केल दाखवा की' म्हणायचे. आणि आपल्या पेपरातली बातमी आजही तशीच छापून येते: '३.२ रिश्टर स्केलचा धक्का, केंद्रबिंदू हेळवाकच्या नैर्ऋत्येस अमुक किलोमीटर, जीवितहानी नाही, धरण सुरक्षित.' जसं काही तीन किलो दोनशे ग्रॅम भूकंप तागडीत घालून दिला. ही बातमी आमच्या भागात लोक पावसाच्या आकड्यासारखी वाचतात आणि पान उलटतात.

पट्टीचा भ्रम सातवीत फिटला. शाळेची सहल कोयना धरण बघायला गेली होती. धरण लांबूनच बघायला मिळालं, नेहरू उद्यानात डबे खाल्ले, आणि मग सरांच्या ओळखीने आम्हाला वेधशाळेच्या एका खोलीत सोडलं. चपला बाहेर. खोलीत रॉकेलचा, काजळीचा आणि आणखी कसलातरी वास कोंडलेला. मधोमध एक रूळ अगदी सावकाश फिरत होता, त्याच्यावर काळाकुट्ट कागद गुंडाळलेला. काळी शाई नव्हे, काजळी. कंदिलाच्या ज्योतीवर गुळगुळीत कागद फिरवून धरलेली, बोट लावलं तर बोट काळं होईल आणि कागद पांढरा. त्यावर एक सुई टेकलेली होती आणि ती काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत होती. तिथले काका हळू आवाजात बोलत, देवघरात बोलल्यासारखं. ते म्हणाले, "मारा उड्या." आम्ही चाळीस पोरांनी उड्या मारल्या. सुई थरथरली आणि सरळ रेघेवर एक केसाळ गाठ उमटली. "हा झाला तुमच्या शाळेचा भूकंप," काका म्हणाले. दिवस संपला की तो कागद सोडवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात बुडवायचे, सुतार पॉलिशला वापरतात तो चपडा, म्हणजे काजळी पक्की बसते. तिसरा वास त्याचा होता. आजही नवं कपाट घरी आलं की मला ती खोली आठवते.

काकांनी यंत्राच्या आतली गोष्ट सांगितली ती मला घरी आल्यावर कळली. आमच्या स्वयंपाकघरात आढ्याला शिंकं टांगलेलं असायचं, दह्याचं मडकं मांजरापासून लांब ठेवायला. धक्का बसला की सगळे शिंक्याकडे बघायचे. ते हलत असलं तर भूकंप, नसलं तर घाटातला ट्रक. आमचा समज असा की भूकंप शिंक्याला हलवतो. काका म्हणाले होते, उलट आहे. टांगलेलं जड वजन पहिल्या क्षणी आपल्या जागीच राहू बघतं. हलतं ते घर, आढं, आपण. एसटी एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो, तसं. भूकंपमापक यंत्र म्हणजे इतकंच: एक आळशी वजन आणि त्याच्याभोवती हलणारी जमीन. त्या दोघांतला फरक सुई लिहिते. पुढे काजळी गेली, शाई आली, मग चुंबक आणि तारेचं वेटोळं, मग संगणक; पण गाभ्यात ते आळशी वजनच राहिलं आहे.

आणि ते वजन कधीच पूर्ण स्वस्थ नसतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. भूकंप नसतानाही रेघ किंचित थरथरत असते, कारण समुद्राच्या लाटांचा मारा जमिनीतून शेकडो किलोमीटर आत पोचतो. पावसाळ्यात ही थरथर वाढते. १९३० साली सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदींवरून मान्सूनचा आणि या कंपनांचा संबंध दाखवला होता. म्हणजे भूकंप मोजायला बसवलेलं यंत्र फावल्या वेळात पाऊस ऐकत बसतं. का कोण जाणे, ही गोष्ट मला फार आवडते.

तर रिश्टर. १९३५ साली कॅलिफोर्नियात त्याने जे केलं ते एका हिशोबनिसाला पटकन कळावं असं आहे. त्याच्याकडे एका ठरावीक जातीची यंत्रं होती, तारेवर लटकवलेला तांब्याचा लहानसा तुकडा, त्याला आरसा, आरशावरून परतलेला प्रकाश फोटोच्या कागदावर. अडचण अशी की भूकंप जवळ असला तर रेघ मोठी, लांब असला तर छोटी. मग त्याने सगळ्यांना एकाच अंतरावर आणून उभं केलं: शंभर किलोमीटरवर हे यंत्र असतं तर रेघ किती उंच गेली असती? एक मिलिमीटर गेली असती तर त्या भूकंपाला ३ म्हणायचं. दहा मिलिमीटर तर ४. शंभर तर ५. दर पायरीला झोका दहापट, आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट. हे दहापटीचं गणित कळायला मला आजीच्या धान्याच्या मापांची मदत झाली. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. नावं एकेक पायरी चढतात, धान्य मात्र पटीत वाढतं. चिपटं आणि पायली यांच्यात नावं मोजली तर फरक थोडाच. पोतं उचलणाऱ्या माणसाला विचारा. हीच मापं उलट खालीही जातात. रिश्टरने शून्य अशा जागी ठेवलं होतं की त्याच्याहून लहान भूकंप सहसा यंत्राला दिसू नयेत. पुढे यंत्रं इतकी तिखट झाली की शून्याखालचे, म्हणजे उणे एक वगैरे भूकंपही नोंदले जाऊ लागले. ऋण शिल्लक असलेला भूकंप! मला तर खातेवही उघडल्यासारखं वाटलं.

आज मोठ्या भूकंपांसाठी रिश्टरचं मूळ माप शास्त्रज्ञ वापरत नाहीत. ते दक्षिण कॅलिफोर्नियापुरतं बेतलेलं होतं आणि फार मोठा भूकंप आला की त्याची झेप कमी पडायची. १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी दुसरी वाट मांडली: खडक किती लांब-रुंद भागात फाटला, तो एकमेकांवरून किती सरकला, आणि तो किती ताठर होता, यांचा गुणाकार. रेघेची उंची मोजण्याऐवजी जखमेचा आकार. पेपरांनी मात्र रिश्टरचं नाव सोडलं नाही, आणि लोकांनीही नाही. आमच्याकडच्या किराणा दुकानात आजही कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणतात.

आईचा भूकंप १९६७ चा.

११ डिसेंबर, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. ही वेळ तिला घड्याळावरून माहीत नाही, तिच्या माहेरी घड्याळ नव्हतं. ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या हिशोबात ती वेळ म्हणजे 'आई चुलीपाशी गेली हुती पर चूल पेटली न्हवती.' तिला आधी आठवतो तो आवाज. दगड भरलेल्या शंभर बैलगाड्या जमिनीखालून जाव्यात तसा. मग अंधार, तोंडात माती, आणि दावं तोडून पळालेल्या म्हशी. पुढचे कित्येक महिने मांडवात, मग पत्र्याच्या खोलीत. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं, त्याने त्या पहाटेची नोंद घेतली: जमिनीला बसलेला हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट. जगभरच्या धरण बांधणाऱ्या इंजिनीअरांनी हा कोयनेचा आलेख अभ्यासला, अजून अभ्यासतात. धरणाच्या आराखड्यात धरलेला आकडा होता ०.०५. दख्खनचा कातळ म्हणजे थोरला, शांत, कधी न हलणारा, असंच तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. भिंतीला वरच्या अंगाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या रात्री खालच्या खोऱ्यात झोपलेल्यांच्या बाजूने ते वाचायला हवं.

त्या भूकंपाचा आकडा किती? गंमत इथेच आहे. एका पुस्तकात ६.३, दुसऱ्यात ६.५, जुन्या लेखात थेट ७. कुणी कुठल्या लाटा मोजल्या, कुठल्या सूत्रात घातल्या, यावर ते ठरतं. मी ऑडिटला आलो असतो तर तिघांना नोटीस काढली असती. आईला एकदा हे तीन आकडे सांगितले तर ती म्हणाली, "आमच्या घराला काय तीनदा पडायचं हुतं का?"

किल्लारीचा आकडा मला त्याच्या शेजारी ठेवून बघायची सवय आहे, आणि ती सवय चांगली नाही. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. आकडा ६.२, म्हणजे कोयनेच्याच जवळपास. माणसं गेली हजारोंनी. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, उन्हाळ्यात गार राहणारी घरं. तीच अंगावर आली. टीव्हीवर ते दिसायला लागलं तेव्हा आमच्या घरात भावकीतले सगळे जमले होते आणि तिथे कुणीही आकडा विचारला नाही. आई उभ्या उभ्याच बघत होती, पदराने तोंड धरून. मग मागच्या दारी जाऊन भिंतीवर तळहात ठेवून उभी राहिली. मी सतरा वर्षांचा होतो, मला वाटलं ती रडतेय. ती भिंत तपासत होती.

भूकंपाला दोन मापं असतात, हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं. एक भूकंपाचं स्वतःचं, म्हणजे जमिनीच्या आत किती फाटलं ते. ते एका भूकंपाला एकच. दुसरं जागेचं: अमुक गावात, अमुक घरात तो किती बसला. ते दर मैलाला बदलतं. या दुसऱ्या मापाला यंत्रच लागतं असं नाही. १९०२ मध्ये मेरकाल्ली नावाच्या इटालियन पाद्र्याने त्याच्या पायऱ्या लावल्या; आपल्याकडे त्याच घराण्यातली, १९६४ ची बारा पायऱ्यांची मोजपट्टी वापरत आले आहेत. तिच्यातली वाक्यं वाचली तर शास्त्राची वाटतच नाहीत. टांगलेल्या वस्तू झुलल्या. भांडी वाजली. झोपलेली माणसं जागी झाली. गुरं बिथरली. माणसं घाबरून घराबाहेर धावली. भूकंपानंतर भूवैज्ञानिक गावोगाव फिरतात आणि उंबऱ्यावर बसून हेच विचारतात: काय पडलं, काय वाजलं, तुम्ही काय करत होता? त्यावरून नकाशावर रेषा ओढल्या जातात. यंत्रं नव्हती त्या काळातले भूकंप तर निव्वळ अशा साक्षींवरूनच मोजले गेले आहेत.

म्हणजे मी ज्या बाईला आकडा ऐकवला, ती स्वतःच एका मोजपट्टीची नोंद होती.

दुपारी जेवताना आणखी एक आठवलं, आणि घास हातातच राहिला. 'आज लई मोठा हुता' याच्या पुढे आई आणखी एक वाक्य बोलली होती. मी तेव्हा आकडा शोधत होतो. "आवाज आन् धक्का एकदमच आला," ती म्हणाली होती. "मागच्या बारीला मदी येळ गावला हुता."

वेधशाळेतल्या काकांनी फळ्यावर हेच काढून दाखवलं होतं. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली खडक दाबत-सोडत येते, सेकंदाला सहाएक किलोमीटर. दुसरी खडक आडवा हलवत येते, साडेतीनएक किलोमीटर. पहिलीचा आपल्याकडे बहुतेक आवाजच ऐकू येतो, ती गुरगुर. दुसरी हिसका देते. काका म्हणाले होते, कराडच्या स्टँडवरून वडापची जीप आणि एसटी एकदमच सुटली असं समजा. मल्हारपेठला उभं राहिलात तर वडाप येते आणि पाठोपाठ एसटी. पाटणला उभे राहा, मधे चहा पिऊन होईल. तुमच्या गावात दोघींमधे किती वेळ गेला त्यावरून कराड किती लांब ते सांगता येतं. सेकंद मोजायचे आणि त्यांना आठाने गुणायचं, आले किलोमीटर. एका ठिकाणाहून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. म्हणून तीन वेधशाळांभोवती तीन वर्तुळं काढायची, ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे केंद्रबिंदू. आम्ही पोरांनी ती वर्तुळं वहीत काढली होती, बांगडी ठेवून.

मी केंद्रबिंदू बघितला. मागच्या महिन्यातला ३.४ वारणेच्या बाजूचा होता, आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर. मधे तीन आकडे मोजावेत एवढा वेळ. आजचा २.९ आमच्या गावाच्या जवळजवळ खालीच, पाच-सहा किलोमीटरवर. मधे वेळ उरतोच कुठे? अर्ध्या आकड्याचा फरक म्हणजे झोका साधारण तिप्पट. पण अंतर पाव हिश्श्याहून कमी, आणि जवळ येताना हलणं त्या अंतराहूनही जास्त पटीने वाढतं. आमच्या अंगणात आजचाच मोठा होता. तिने अंतरही मोजलं होतं आणि मापही, कागद न वापरता, एक डोळा दुधावर ठेवून.

या भागात आता पुष्कळ मोठी मोजणी चालू आहे. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी भरायला लागल्यावर भूकंप वाढले आणि साठ वर्षं उलटली तरी थांबलेले नाहीत, त्यामुळे जमिनीखाली नेमकं काय चाललंय ते आत शिरूनच बघायचं असं ठरलं. कराडजवळ त्यासाठी केंद्राची प्रयोगशाळा आहे. गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणलं. वरचा काळा कातळ सव्वा किलोमीटर, मग खाली ग्रॅनाइट. आणखी काही विवरांत दीड-दीड किलोमीटर खाली भूकंपमापकं सोडली, वरच्या वाऱ्यापावसाचा गोंगाट नको म्हणून. आमच्या शेजारच्या आबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं बोअर मारलं, पाणी कितीवर लागलं?"

रात्री साडेआठला मीच फोन केला. मालिका सुरू व्हायला अवकाश होता. सकाळचं काही बोललो नाही, म्हटलं, जरा मदत कर, एक फॉर्म भरायचाय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा एक फॉर्म इंटरनेटवर आहे, जगात कुठेही धक्का जाणवला तरी भरता येतो. मी वाचत गेलो, ती उत्तरं देत गेली. घरात होता की बाहेर? "सैपाकघरात." झोपला होता की जागे? "या वयात सकाळी कोण झोपतंय?" इतरांना जाणवला का? "आबा धोतर सावरीत रस्त्यावर आलं." वस्तू वाजल्या की पडल्या? इथे ती विचार करायला थांबली. फडताळातल्या कपबशा वाजल्या, पण नुसत्या वाजल्या नाहीत, "एकमेकींवर चढल्या, तुझ्या बापाचा कान तुटका कप तेवढा कडेला आला." मी 'वाजल्या' वर खूण केली. पुढचा प्रश्न: तुम्ही काय केलंत? खाली ठरीव उत्तरं. काहीच केलं नाही, दारात उभे राहिलो, बाहेर पळालो.

"आदी ग्यास बंद केला," ती म्हणाली. "दूध वर आलं हुतं. मग भाईर."

तसा पर्याय नव्हता. मी 'इतर' निवडलं आणि दूध उतरवल्याचं लिहिलं.

"आता हे वाचून कोण येतंय का?" तिने विचारलं. म्हटलं, कुणी येत नाही, सगळ्यांची उत्तरं एकत्र करून गावाला एक आकडा देतात.

"परत आकडाच," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.